तगर ते तेर : तेरणाकाठच्या एका गावाची माती

आपल्या धाराशिव जिल्ह्याचे नाव निघाले की बाहेरच्या माणसाला तुळजापूर आठवते, नळदुर्गचा किल्ला आठवतो, आणि फार तर दुष्काळ आठवतो. तेरचे नाव निघते ते संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून. ते योग्यच आहे. पण गोरोबाकाकांच्या आधी बारा-तेराशे वर्षे हेच गाव तगर या नावाने समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होते, येथे मोठा विटांचा स्तूप होता, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? अजिंठा, वेरूळ, कार्ले पाहण्यासाठी आपण गाड्या ठरवून जातो. तेर मात्र जिल्ह्याच्या ठिकाणापासून एस.टी.ने तासाभराच्या आत येते, आणि तरीही तिकडे पाय वळत नाहीत. म्हणून या गावाचा भूगोल आणि इतिहास आम्हाला जेवढा कळला तेवढा येथे मांडत आहोत.

प्रथम जमीन पाहू. अहमदनगरकडून (आताचे अहिल्यानगर) निघालेली बालाघाटची रांग बीड जिल्ह्यातून आपल्याकडे येते व आग्नेयेकडे लातूरच्या बाजूला उतरत जाते. हा सह्याद्रीसारखा उंच सुळक्यांचा डोंगर नव्हे. वर सपाट माथा, कडेला उतरण, आणि माथ्यावर नद्यांनी कोरलेली उथळ खोरी, असे त्याचे रूप आहे. आपल्या जिल्ह्यात या माथ्याचे एक वैशिष्ट्य आहे. पश्चिमेला, परंड्याच्या बाजूला पडलेले पाणी सीना नदीला मिळते, तेथून भीमेत आणि पुढे कृष्णेत जाते. पूर्वेला पडलेले पाणी तेरणा घेते, मांजरेला देते आणि मांजरा ते गोदावरीत नेते. म्हणजे एकाच पावसाचे दोन थेंब माथ्याच्या दोन अंगांना पडले तर एक कृष्णेच्या मुखाशी आणि दुसरा गोदावरीच्या मुखाशी समुद्रात उतरतो.

तेर या पूर्वेच्या खोऱ्यात आहे. तेरणा नदी बालाघाटावरच उगम पावते. तेरखेडा, तेर, तेरणा ही नावे एकमेकांत कशी गुंतली आहेत ते वाचकांच्या ध्यानात येईलच. गाव नदीच्या काठावर, धाराशिव शहराच्या ईशान्येला आहे. शेजारी ढोकी असल्याने जुने लोक ‘तेर-ढोकी’ असे जोडूनच बोलतात. खोरे रुंद, उतार कमी, खाली बेसाल्टचा काळा दगड आणि वर त्याच्याच झिजेतून झालेली काळी कसदार माती. पाऊस बेताचा व लहरी. ही माती ओल धरून ठेवते, म्हणून पाऊस गेल्यावरही कापूस आणि रब्बीची ज्वारी उभी राहते. कापूस हा शब्द येथे लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

आपल्या गावगाड्यात जमिनीला दोन नावे आहेत. पिकते ती काळी, आणि वस्ती असते ती पांढरी. माणसे एका जागी शेकडो वर्षे राहिली की चुलीची राख, शेण, पडक्या भिंतींची माती, खापऱ्या, हाडे यांचा थर चढत जातो व जमिनीचा रंग फिका होतो. पुराणवस्तू शोधणाऱ्यांना पांढरीची टेकडी दिसली की जुनी वस्ती सापडल्यासारखीच असते. तेरच्या भोवती अशा टेकड्या आहेत. त्यांतील कोट, बैराग ही नावे गावकऱ्यांच्या बोलण्यात नेहमी येतात. ज्याला आपण तगरचा इतिहास म्हणतो तो मुख्यतः या टेकड्यांच्या पोटात आहे.

आता तगरकडे वळू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या कोणा ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. लेखकाचे नाव त्यात नाही. भडोच बंदराच्या संदर्भात तो दक्षिणेकडील दोन मोठ्या बाजारपेठा सांगतो. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर. पैठणहून अकीकासारखे खडे येत आणि तगरहून साधे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल व इतर माल येई. पूर्व किनाऱ्याकडून तगरला आलेला मालही त्यात असे. हे सगळे धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला नेत. पुढच्या शतकात टॉलेमीच्या भूगोलातही तगरचे नाव आले.

हे तगर म्हणजे कोणते गाव, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. भगवानलाल इंद्रजी यांना ते जुन्नर वाटले. रा. गो. भांडारकरांनी बीड जिल्ह्यातील धारूर सुचवले. कोणी दौलताबादचेही नाव घेतले. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर, असे साधार मांडले आणि ते मत टिकले. त्यात भाषेचा पुरावा फार सुंदर आहे. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘ग’ गळतो. नगरचे नयर होते आणि नयरचे नेर. संगमनेर, पारनेर, अमळनेर या नावांत आपण तो रोज उच्चारतो. त्याच रीतीने तगरचे तयर आणि तयरचे तेर झाले. धम्मपदाच्या पुप्फवग्गात शीलाच्या सुगंधाशी तुलना करताना चंदनाबरोबर तगराचे नाव येते. त्या सुगंधी तगराचा आणि गावाच्या नावाचा संबंध जोडण्याचा मोह होतो, पण तसा पुरावा नाही, तेव्हा तो मोह आवरलेला बरा.

पेरिप्लसमधील कापड कोठून आले, हे आता वेगळे सांगायला नको. खोऱ्यात कापूस होता, नदीला पाणी होते आणि गाव वाटेवर होते. ती वाट कोणती तेही पाहिले पाहिजे. पश्चिमेला पैठण, तेथून भडोच किंवा सह्याद्रीचे घाट उतरून सोपारा-कल्याण. पूर्वेला व आग्नेयेला आंध्रचा मुलूख, म्हणजे पूर्वीच्या मेदक जिल्ह्यातले कोंडापूर आणि पुढे कृष्णेच्या काठची अमरावती. दोन किनाऱ्यांच्या मधोमध, सातवाहनांच्या राज्यात, तेर ही माल बदलण्याची जागा होती. आणि जेथून व्यापारी तांडे जात तेथून भिक्खूही जात. कार्ले, नाशिक, कान्हेरी येथील लेण्यांतील दानलेख वाचले तर दान देणाऱ्यांत राजांबरोबर व्यापारी आणि कारागीर भेटतात. धम्म दख्खनमध्ये पसरला तो याच वाटांनी.

तेर येथे शासनाच्या वतीने पहिले मोठे उत्खनन १९५८ साली चापेकर यांनी केले. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात पुन्हा खोदकाम झाले, तेव्हा स्तूप उजेडात आला. तो दगडाचा नाही, विटांचा आहे. वरचा अंड गेला आहे, उरला आहे तो पाया. पण पायाच पुष्कळ सांगतो. त्याची रचना गाडीच्या चाकासारखी आहे : मध्यभागी तुंबा, त्यापासून निघालेले विटांचे आरे, बाहेर गोल धाव, आणि आऱ्यांमधल्या पोकळीत भरलेली माती. चार दिशांना पुढे आलेले चौथरे आहेत. असे चक्राकार पाये आंध्रमध्ये, नागार्जुनकोंड्यासारख्या ठिकाणी ओळखीचे आहेत. आपल्या सह्याद्रीतील स्तूप एकाच खडकातून कोरलेले असतात, त्यांना पायाची गरजच नसते. तेरला कोरण्याजोगा कडा नाही, आहे ती माती. तेथील कारागिरांनी पूर्वेकडची रीत उचलली व विटांनी स्तूप बांधला. पाया चाकासारखा ठेवण्यात विटा वाचवण्याचा हिशेब होता की धम्मचक्राची खूण होती, यावर अभ्यासक बोलतात. आम्हाला वाटते, एकाच वेळी दोन्ही असायला काय हरकत आहे?

स्तूपानंतर त्रिविक्रमाचे मंदिर. गावातील ही सर्वांत विलक्षण वास्तू. पुढे मंडप आहे, तो नंतरचा. मागचा भाग मात्र आयताकृती असून त्याची पाठ गोल आहे, वर गाडीच्या टपासारखे अर्धगोल छत आहे, आणि दर्शनी बाजूला घोड्याच्या नालेसारखी कमान आहे. कार्ले किंवा अजिंठ्याचे चैत्यगृह ज्याने पाहिले असेल तो येथे क्षणभर थबकेल. लेण्यातला चैत्य उचलून गावात आणून ठेवावा आणि तो विटांनी बांधावा, तसे हे दिसते. पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात हेन्री कझिन्स यांनी ही वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह होती असे लिहिले. आत जेथे स्तूप असायला हवा तेथे त्रिविक्रमाची पाषाणमूर्ती उभी आहे. विटांची अशी गजपृष्ठ वास्तू आज भारतात फार थोड्या ठिकाणी उभी आहे. आंध्रातील चेजर्ला येथील कपोतेश्वर हे तिचे जवळचे भावंड.

येथे आम्हाला थोडे सावधपणे बोलायचे आहे. सभांमधून कधीकधी घाईने सांगितले जाते की अमुक देऊळ म्हणजे विहार, तमुक मूर्ती म्हणजे बुद्ध. ऐकायला बरे वाटते, पण विरोधकाने एक प्रश्न विचारला की सांगणारा अडतो. त्रिविक्रमाच्या बाबतीत सगळे अभ्यासक एकमताचे नाहीत. गोल पाठीची देवळे ब्राह्मणी परंपरेनेही बांधली आहेत आणि ही वास्तू मुळातच तशी असावी, असे म्हणणारेही आहेत. कझिन्स यांचे मत आम्हाला अधिक पटते, कारण त्याच गावात स्तूप निघाला आहे. पण स्तूप हा पुरावा आहे आणि त्रिविक्रम हे अनुमान आहे, हा फरक आपण पाळला तर आपले म्हणणे जास्त दूर पोहोचेल. त्रिविक्रम म्हणजे बळीच्या डोक्यावर पाय ठेवणारा वामन. ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे दिवाळीत म्हणणाऱ्या आमच्या आयाबहिणींच्या मुलखात त्याचे इतके प्राचीन देऊळ असावे, यावर ज्याने त्याने आपापला विचार करावा. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त १८७३ सालीच तो केला आहे.

गावात उत्तरेश्वर आणि कालेश्वर ही आणखी दोन जुनी विटांची देवळे आहेत. या विटा हातात घेऊन पाहाव्यात अशा आहेत. मातीत भाताचा तूस मिसळून त्या भाजल्या आहेत. भट्टीत तूस जळून जातो व वीट सच्छिद्र, हलकी होते, इतकी की पाण्यावर तरंगते. उत्तरेश्वराची कोरीव लाकडी दारचौकट आता संग्रहालयात ठेवली आहे. आपल्याकडच्या हवेत इतके जुने लाकूड टिकणे हीच मोठी गोष्ट.

संग्रहालयाची हकीकत तर प्रत्येक तरुणाने ऐकावी. तेरच्या टेकड्या पावसाने धुपल्या की मणी, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीच्या बाहुल्या वर येतात. शेतात नांगरतानाही मिळतात. गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांना या वस्तूंचे मोल कळले. हे गृहस्थ पुरातत्त्वाचे पदवीधर नव्हते. वर्षानुवर्षे त्यांनी एकेक वस्तू जमवली आणि हजारोंच्या संख्येतला हा ठेवा अखेर शासनाच्या हवाली केला. त्यातून उभे राहिलेले शासकीय वस्तुसंग्रहालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. एका माणसाने नाद धरला नसता तर या वस्तू मुंबईच्या बाजारातून कोठे गेल्या असत्या कोण जाणे.

तेथील एक वस्तू जगप्रसिद्ध आहे. ती हस्तिदंती स्त्रीमूर्ती वीतभरही नाही, पण दागिने, केशरचना सारे बारकाईने कोरलेले आहे. इटलीत व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली इ.स. ७९ मध्ये पाँपेई हे शहर गाडले गेले. त्या शहराच्या उत्खननात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. तिचे साम्य ज्या मूर्तींशी दाखवले जाते त्यांत आपली तेरची आणि जालना जिल्ह्यातील भोकरदनची मूर्ती येते. म्हणजे या दख्खनच्या पठारावरची कला रोमन साम्राज्यातील घरांपर्यंत पोहोचली होती. उलट तिकडूनही काही आले. रोमन नाण्यांची नक्कल करून मातीच्या चकत्या केलेल्या सापडतात, त्यांना दोरा ओवायला सोय आहे. सोन्याचे नाणे ज्याला परवडत नव्हते त्याने मातीचे गळ्यात घातले असावे. पांढऱ्या मातीच्या बाहुल्या दोन साच्यांत दाबून जोडल्या आहेत. ते तंत्रही रोमन संपर्कातून आले असे मानतात. राजेरजवाड्यांच्या वस्तूंपेक्षा आम्हाला या बाहुल्याच जास्त बोलक्या वाटतात. त्या कुंभारांनी केल्या, आणि कुंभारांचे नाव कोणत्याही ताम्रपटात नसते.

तिसऱ्या शतकात सातवाहन गेले, रोमशी होणारा व्यापार ओसरला आणि तगरचे दिवस फिरले. पण गाव उठले नाही. इ.स. ६१२ च्या, चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या ताम्रपटात दान घेणारा ब्राह्मण तगरचा रहिवासी आहे. पुढे कोकण आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. त्यांचे राज्य येथे नव्हते, तरी मूळ गावाचा मान त्यांना मिरवायचा होता. जैनांचेही हे पवित्र स्थान आहे. मुनी कनकामर यांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूर आणि धाराशिवची लेणी येतात. त्या लेण्यांचाही प्रश्न तेरसारखाच आहे. मूळची बौद्ध आणि नंतर जैन झाली असे कोणी म्हणतात, पहिल्यापासून जैन असे कोणी म्हणतात.

आणि मग गोरोबाकाका. तेराव्या-चौदाव्या शतकांच्या सांध्यावर होऊन गेलेले, नामदेव-ज्ञानेश्वरांच्या मेळ्यातील वडीलधारे संत, जातीने व धंद्याने कुंभार. त्यांची समाधी तेरणेच्या काठी आहे आणि चैत्र वद्यात तेथे मोठी यात्रा भरते. थापटी घेऊन संतांची डोकी तपासण्याची कथा सर्वांना माहीत आहे. ज्या गावाने स्तूप विटांचा बांधला, देवळे विटांची बांधली, बाहुल्या मातीच्या केल्या, त्या गावाचा संत कुंभार असावा, हा आम्हाला योगायोग वाटत नाही. नदीकाठची तीच माती हजार-दीड हजार वर्षे त्याच जातीच्या हातात होती. वरची दैवते बदलत गेली, चाक फिरवणारा बदलला नाही.

या खोऱ्याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी-सास्तूरच्या भूकंपात लातूर व आपल्या जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. किल्लारी तेरणेच्याच खोऱ्यात, तेरच्या आग्नेयेला पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. माणसे मेली ती घरांखाली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा जाड थर दिलेले माळवद, हे आपल्याकडचे जुने घर. उन्हाळ्यात गार, पण हादरा बसला की सारे वजन अंगावर. मराठवाड्यात माळवदाला पांढरीची माती घालण्याची रीत होती, कारण ती पाणी लवकर झिरपू देत नाही. गावोगावच्या जुन्या टेकड्या अशाच खणल्या गेल्या. पूर्वजांच्या वस्तीची माती डोक्यावर घेऊन आपण झोपत होतो.

भूकंपानंतर शास्त्रज्ञ या खोऱ्यात फिरले. तेरही त्यांनी तपासले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या किल्लारी व तेर यांच्या एका भूवैज्ञानिक अभ्यासात, तेरच्या जमिनीतील थर विस्कटल्याच्या खुणांवरून सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी येथे भूकंप झाला असावा असे मत मांडले गेले. त्याआधी आपला मुलूख भूकंपापासून सुरक्षित मानला जाई. ही भूमी हलते, हे तेरच्या मातीत नोंदलेले होते, फक्त ते कोणी वाचले नव्हते. हलक्या विटांच्या वास्तू मात्र आजही तेरला उभ्या आहेत. त्या केवळ विटांमुळे वाचल्या असे म्हणण्याइतका आमचा अभ्यास नाही, पण घर बांधणाऱ्या इंजिनियर मुलांनी त्या एकदा जरूर पाहाव्यात.

तेरच्या परिसरातील आणखी एका गावाचा उल्लेख या अंकात करायलाच हवा. कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. गावाच्या सीमेवर राबणाऱ्यांच्या वतनाचा, म्हणजे पुन्हा काळी-पांढरीचाच तो प्रश्न होता. कुर्डुवाडी-लातूर ही बार्शी लाइटची अरुंद रेल्वे तेव्हा याच भागातून जाई. ती आता राहिली नाही, रुंद मार्ग आला आणि २००८ पासून गाडी धाराशिव शहरावरून जाऊ लागली. तेरला जाणाऱ्याने वाटेत तडवळे करावे.

तेरला गेल्यावर आधी संग्रहालय पाहावे, म्हणजे बाहेर काय शोधायचे ते कळते. नंतर त्रिविक्रम, मग उत्तरेश्वर आणि कालेश्वर, मग स्तूपाची जागा. टेकडीवर मणी किंवा खापरी दिसली तर खिशात घालू नये, संग्रहालयात नेऊन द्यावी. कोठे मिळाली तेही सांगावे, कारण जागा माहीत नसलेल्या वस्तूचे अर्धे मोल जाते. शेवटी गोरोबाकाकांच्या समाधीवरून नदीत उतरावे. उन्हाळ्यात पात्र बहुधा कोरडे असते. काठ जेथे ढासळला आहे तेथे मातीचे थर एकावर एक उघडे पडलेले असतात : खाली काळी, वर पांढरी, मध्ये राखेची एखादी रेघ आणि तिच्यात रुतलेल्या लाल खापऱ्या.